घुमणारी खोली: पॅनेल निवडायचं कसं, लावायचं कुठे

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रियाजासाठी राखलेली खोली १२ बाय १० फुटांची आहे, उंची साडेनऊ फूट. खाली टाइल्स, वर सपाट स्लॅब, पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती आणि एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी. गंगापूर रोड घ्या नाहीतर पाथर्डी फाटा, नव्या इमारतीतली कुठलीही बेडरूम थोड्याफार फरकाने अशीच असते. पेटीवर सा धरून आवाज लावला की खोलीच माझ्यावर आवाज चढवायची.

उपाय म्हणून मी ऑनलाइन फोमच्या २४ लाद्या मागवल्या. एक फूट बाय एक फूट, एक इंच जाड, वर टोकदार उंचवटे. दुहेरी टेपने एका भिंतीवर चिकटवल्या. फोटो झकास आला. गाताना मात्र 'स' आणि 'श' बोथट झाले, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झंकारती धार, मेल्यासारखी वाटू लागली, आणि खालच्या सुरांचं घुमणं होतं तिथेच राहिलं. म्हणजे नको ते शोषलं गेलं आणि शोषायचं ते उरलं. पुढच्या पावसाळ्यात टेप सुटली, तेव्हा लाद्यांबरोबर भिंतीचा रंगही पापुद्र्यांनी खाली आला.

त्यानंतर ही खोली पुन्हा केली, आणि ओळखीच्या चार-पाच जणांच्या खोल्यांतही हात घातला. पॅनेल, म्हणजे भिंतीवर लावायची आवाज शोषणारी फळी, घेताना आपण रंग पाहतो, नक्षी पाहतो, किती नग ते विचारतो. पाहायला हवी जाडी, आणि विचारायला हवं की ते लागणार कुठे. पुढचा सगळा लेख याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी त्रास कोणता ते ठरवा

माझ्याकडे येणाऱ्या दर दोन माणसांपैकी एकाला पॅनेल नकोच असतं. त्याला हवी असते शांतता. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल पथकाचा सराव सुरू होतो, नाशिक ढोल तो, आणि हा म्हणतो, "भिंतीला काहीतरी लावून द्या, आवाज येता कामा नये." भिंतीवर मऊ पॅनेल लावून बाहेरचा ढोल अडत नाही, आणि आपला रियाज शेजारच्या काकूंना ऐकू जायचा थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. सरकत्या खिडकीच्या पट्ट्यांमधली फट, दाराखालची फट, एसीच्या पाइपाचं भोक, आवाज तिथून येतो. तिथे रबरी बीडिंग, दाराखाली सील आणि जमलंच तर आतून दुसरी, जाड काचेची घट्ट बसणारी खिडकी, असा तो वेगळा खर्च आहे. या लेखात त्याबद्दल एवढंच.

पॅनेल करतं ते काम वेगळं. खोलीत जन्मलेला आवाज भिंतींवर आपटून परत परत कानाशी येतो, ते येणं कमी करतं. पांडवलेण्यांतल्या मोठ्या विहारात उभं राहून हाक मारा. चारही बाजूंना आणि डोक्यावर दगड, त्यामुळे शब्द संपला तरी आवाज रेंगाळतो. आपली खोली म्हणजे त्याचंच लहान रूप. उलट, जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याच्या माडीवर बसून गायलं तर आवाज कसा अंगाबरोबर राहतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. वर लाकडी तक्तपोशी, भिंतीत कोनाडे आणि फडताळं, कोपऱ्यात गाद्यांची थप्पी. तिथे पॅनेल कुणी लावलं नव्हतं, पण ते करतं ती कामं तिथे होत होती.

खोली ऐकून घ्या

पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. पंखा, एसी बंद.

खोलीच्या मध्यावर उभं राहून एकच कडक टाळी वाजवा. टाळीच्या शेपटीला 'टर्रर्र' असा पत्र्यासारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. जागा बदलून पुन्हा वाजवा, कुठल्या जोडीमुळे होतंय ते कळेल. हा दोष कानाला सगळ्यात जास्त टोचतो आणि घालवायला सगळ्यात सोपा असतो.

दुसरी चाचणी खर्जाची, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, नाहीतर फोनवरचा तानपुरा बऱ्यापैकी स्पीकरला जोडून, खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा. नुसत्या फोनचा स्पीकर चालणार नाही, त्यातून खालचा सूर निघतच नाही. आता खोलीच्या लांबीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चाला. सा एखाद्या जागी अंगावर येईल आणि दोन पावलांवर गायब होईल.

हे का होतं, ते माझ्या खोलीच्या मापावर सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने त्याला भागलं की त्या दोन भिंतींमध्ये कुठला सूर अडकून फुगतो ते निघतं. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, म्हणून ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं), आणि त्याच्या पटीत ९४, १४१. दहा फुटांचे ५६, साडेनऊ फुटांचे ५९. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, पुरुषी सा येतो १३८-१३९ हर्ट्झवर, म्हणजे त्या १४१ च्या अगदी शेजारी. म्हणूनच माझ्या खोलीत भिंतीपाशी, ४ फुटांवर आणि ८ फुटांवर सा फुगायचा, आणि २, ६ आणि १० फुटांवर पडायचा. मी कित्येक महिने बरोबर मध्यावर, ६ फुटांवर बसून गात होतो आणि आपलाच षड्ज लागत नाही म्हणून गळ्याला दोष देत होतो.

खोली चौरस असेल, म्हणजे १० बाय १० वगैरे, तर दोन्ही बाजूंचे सूर एकावर एक बसतात आणि त्रास वाढतो. घरात दुसरी खोली उपलब्ध असेल तर चौरस खोली सोडा.

तिसरं काम, फोनवर रेकॉर्डिंग. त्याच जागी, त्याच अंतरावर, अर्धा मिनिट बोला आणि अर्धा मिनिट गा. फाइलला 'आधी' असं नाव द्या. पुढे प्रत्येक टप्प्यावर अशीच एक फाइल करायची. कान दोन दिवसांत नव्या आवाजाला सरावतो आणि मग काय बदललं ते आठवत नाही. हौस असेल तर लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. मापनाचा माइक असला की कुठला सूर किती वेळ रेंगाळतो त्याचा आलेख मिळतो. पण टाळी आणि तानपुरा यांच्यावर बहुतेक काम भागतं.

सामान हलवून किती फरक पडतो ते पाहा

बसायची जागा बदला. साधारण नियम असा सांगतात की तोंड आखूड भिंतीकडे करून, त्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं. माझ्याकडे ते साडेचार फुटांवर येत होतं, आणि ४ फुटांचा फुगवटा तिथे जाणवत होता. अर्धा फूट मागे सरकलो, पाच फुटांवर, आणि सा जागेवर आला. नियमापासून सुरुवात करा, शेवट तानपुरा ऐकून करा.

खाली सतरंजीपेक्षा घोंगडी किंवा कापसाची गादी बरी, पण जाडसर हवी. पडदे खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचे, चुण्या पडतील असे. पुस्तकांचं उघडं कपाट मागच्या भिंतीला, पुस्तकं मुद्दाम मागेपुढे ठेवून. असं वेडंवाकडं कपाट आवाज शोषतं थोडा आणि विखुरतं जास्त, म्हणून खोली मेल्यासारखी होत नाही. हे सगळं करून पुन्हा टाळी वाजवा. दोन घरांत माझं काम इथेच संपलं होतं.

किती लागतील, याचा हिशेब

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकापुढे एक व्याख्यानाचा हॉल आला, ज्यात बोललेलं कळतच नव्हतं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून या हॉलमध्ये आणून ठेवल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढवत गेला, वेळ कमी होत गेला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. फुटांत मोजत असाल तर खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले खोलीतलं एकूण शोषण. मीटरमध्ये ०.०४९ च्या जागी ०.१६१. उत्तर सेकंदांत येतं: आवाज ६० डेसिबलने विरायला लागणारा वेळ.

माझी खोली १२ × १० × ९.५ म्हणजे ११४० घनफूट. त्याला ०.०४९ ने गुणलं की ५६. रिकाम्या खोलीच्या साडेसहाशे चौरस फूट पृष्ठभागाचं शोषण जेमतेम २० चौरस फुटांइतकं, गादी, पडदे, पुस्तकं आणि मी धरून साधारण ४५. म्हणजे सव्वा सेकंद. रियाजाला मला ०.४५ सेकंदांच्या आसपास हवं होतं. ५६ भागिले ०.४५ म्हणजे सुमारे १२५. पंचेचाळीस आहेत, ऐंशी कमी पडतात. ४ बाय २ फुटांचं चांगलं जाड पॅनेल आपल्या क्षेत्रफळाइतकं, म्हणजे ८ चौरस फूट, शोषतं असं धरलं तर १० पॅनेल.

लहान खोलीत हे सूत्र ढोबळ असतं, खालच्या सुरांत तर जास्तच. पण '५० लाद्यांचा कॉम्बो' आणि '२ पॅनेलमध्ये स्टुडिओ' या दोन्ही जाहिरातींपासून ते वाचवतं. फक्त बोलण्याचं रेकॉर्डिंग करणार असाल तर ०.३ पर्यंत खाली जा. पेटी-तबला-गळा यांसाठी ०.४ ते ०.५ ठेवा, त्याखाली गायला जीव नको होतो.

माल ओळखा

शोषणाचं तत्त्व साधं आहे. हवेची कंपनं धाग्याधाग्यांच्या वस्तूत शिरली की घासून घासून थकतात आणि त्यांची उष्णता होते. पण भिंतीला टेकलेल्या जागी हवा हलतच नाही, ती सगळ्यात जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झच्या सुरासाठी ते अंतर साडेआठ सेंटिमीटर, शंभर हर्ट्झसाठी ८६ सेंटिमीटर. एक इंच फोम भिंतीला चिकटवला तर तो खर्जाला दिसतच नाही. माझ्या २४ लाद्यांचं गुपित हे होतं.

आता बाजारात काय काय मिळतं. टोकदार फोमबद्दल सांगून झालं. कुजबुजीची धार घालवायला ठीक, बाकी नाही. पीईटी म्हणजे पॉलिएस्टरच्या दाबलेल्या फेल्टच्या ९ किंवा १२ मिलिमीटरच्या शीट रंगांत छान येतात, ऑफिसात बऱ्या दिसतात. पण भिंतीला थेट चिकटवल्या तर त्याही वरवरचाच आवाज घेतात. मागे पट्ट्या मारून दोन इंच हवा सोडली तर बऱ्याच सुधारतात. सध्या टीव्हीच्या भिंतीला लावायची फॅशन आहे ते उभ्या पट्ट्यांचं चारकोल पॅनेल किंवा लूव्हर 'अकूस्टिक' म्हणून खपवलं जातं. ते प्लास्टिकसारखं कडक असतं. त्याची कामगिरी शोभेची, बस. लाकडी पट्ट्यांमागे फेल्ट आणि त्यामागे रॉकवूल असेल तर गोष्ट वेगळी. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांवर वेळ घालवू नका. ट्रेचा कागद पातळ, आणि थर्माकोलची छिद्रं बंद, हवा आत शिरत नाही.

मी वळलो रॉकवूलकडे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बॉयलरला, भट्टीला, डक्टला गुंडाळतात तेच दगडी लोकर, फक्त स्लॅबच्या, म्हणजे जाड सपाट लादीच्या रूपात. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडे '५० मिलिमीटर जाड, ४८ किंवा ६४ घनता' असं सांगा. घनता म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. ९६ चा कडक स्लॅब जास्त दाट म्हणून जास्त चांगला, असं दुकानदार म्हणेल. भिंतीवरच्या पॅनेलला त्याची गरज नाही, आणि कोपऱ्यातल्या जाड पॅनेलला तर उलट हलका स्लॅब बरा. ४८ घनतेचं ग्लासवूलही चालतं. रॉकवूल सरळ कापलं जातं आणि उभं राहतं, म्हणून मला ते आवडतं.

तयारच घेणार असाल तर एनआरसी, म्हणजे आवाज किती शोषला जातो त्याचा आकडा, विचारा. हा २५० ते २००० हर्ट्झच्या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी असतो, म्हणजे खर्ज त्यात मोजलेलाच नसतो. शिवाय चाचणीत पॅनेल कसं बसवलं होतं ते विचारा. 'ए' म्हणजे थेट भिंतीला, 'ई-४००' म्हणजे मागे ४०० मिलिमीटर हवा सोडून, खोट्या छतासारखं. दुसऱ्या पद्धतीचा ०.८५ तुमच्या भिंतीवर ०.८५ राहणार नाही. बिलावर जाडी आणि घनता लिहून घ्या. नुसत्या चौरस फुटाच्या भावावर बोलणी करू नका.

पॅनेल घरी करताना

आधी स्लॅब आणा, मग फ्रेमचं माप काढा. स्लॅब कधी १२०० × ६०० मिलिमीटर येतो, कधी १००० × ६००. मी हा क्रम उलटा केला आणि पहिल्या फ्रेममध्ये स्लॅब बसेना.

लाकडाच्या वखारीतून पाइनच्या, दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड पट्ट्या आणा. त्यांची चौकट, आतल्या मापाने स्लॅबपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान, म्हणजे स्लॅब दाबून बसतो. कोपऱ्यांना लोखंडी एल. इथे आमचे सुतारदादा म्हणाले, "साहेब, मागून प्लायवूड मारून देतो, मजबूत होईल." मी हो म्हणालो आणि दोन पॅनेल वाया घालवली. मागून आवाज आत शिरायला हवा, म्हणून पाठ उघडीच ठेवायची, फक्त कापडाने झाकलेली. मजबुतीसाठी मध्ये एक आडवी पट्टी पुरते.

रॉकवूल हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क आणि चष्मा. काम गच्चीवर करा, घरात नाही. स्लॅब आधी पातळ नॉनवोव्हन कापडात गुंडाळा म्हणजे तंतू झडणार नाहीत. वर शोभेचं कापड. कापडाची परीक्षा एकच: तोंडाशी धरून फुंका, पलीकडे हाताला हवा लागली पाहिजे. रेक्झिन बाद, मागे रबर मारलेलं सोफ्याचं कापडही बाद. मालेगावच्या मागावरचा साधा मांजरपाट मी वापरतो. स्वस्त, हवा जाऊ देणारा, हवा तसा रंगवता येणारा. ताणून मागच्या बाजूला स्टेपलगनने पिना मारा, आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली की कापड तिरकं ओढलं जातं.

असं एक पॅनेल चार-पाच किलोचं होतं. चिकटवायचं नाही, टांगायचं. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर साधा प्लग धरत नाही, त्या ब्लॉकसाठीचा वेगळा मागा. पॅनेलच्या मागे चारही कोपऱ्यांत दोन इंचांचे लाकडी ठोकळे मारा, म्हणजे भिंत आणि पॅनेल यांत हवा राहील. पन्नास मिलिमीटर माल आणि मागे पन्नास मिलिमीटर हवा, यात फुकट मिळणाऱ्या हवेचा वाटा मोठा आहे.

लावायचं कुठे

पहिला मान कोपऱ्यांचा. खालचे सूर सगळ्या कोपऱ्यांत साठतात. चार इंच जाड पॅनेल, म्हणजे दोन स्लॅब एकावर एक, कोपऱ्यात तिरकं उभं करा, दोन्ही भिंतींना कडा टेकवून. दोन फूट रुंद पॅनेल असं लावलं की मागे मध्यावर एक फुटाची पोकळी आपोआप मिळते. एका कोपऱ्यात खाली एक, वर एक, अशी दोन. माझ्या दहांपैकी चार इथे गेली, गाताना तोंडासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांत. ते करून तानपुरा लावून चाललो, तेव्हा पहिल्यांदा फुगवटा आणि खड्डा यांतला फरक कमी झाला. पूर्ण गेला नाही, जात नाही.

दुसरा मान पहिल्या परावर्तनाच्या जागांना, म्हणजे जिथे आवाज एकदाच आपटून थेट कानाकडे किंवा माइककडे येतो. तुम्ही तुमच्या जागी बसा. घरातल्या कुणाला तरी आरसा भिंतीला सपाट धरून कानाच्या उंचीवर सरकवायला सांगा. स्पीकर ऐकणार असाल तर आरशात ज्या जागी स्पीकर दिसतो तिथे पेन्सिलची खूण. गाण्याचं रेकॉर्डिंग असेल तर डोळा माइकच्या जागी ठेवा आणि आरशात गाणाऱ्याचं तोंड दिसेल तिथे खूण. दोन्ही बाजूच्या भिंतींवर एकेक पॅनेल याच खुणेवर.

आता उंची, कारण इथे बहुतेक लोक चुकतात. सगळीकडे सांगितलेलं असतं की पॅनेलचा मध्य चार फुटांवर ठेवा. ते खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. आपण रियाजाला मांडी घालून बसतो, तेव्हा कान जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतो. उभ्या पॅनेलची खालची कड जमिनीपासून एक फुटावर घ्या. मग ते एक ते पाच फूट झाकतं आणि मांडी व खुर्ची दोन्ही सांभाळतं. एका क्लासमध्ये सहा सुंदर पॅनेल खिडकीच्या वरच्या कडेला ओळीने लावलेली पाहिली आहेत. खाली बसलेली मुलं एकमेकांच्या आवाजात बुडालेली.

तिसरं, छत. स्लॅब डोक्यावर सात फुटांवर, आणि खाली टाइल्स. तबला असेल तर ही जागा सोडू नका, चाटीचा प्रत्येक टोला वरून परत येतो. वादक आणि ऐकणारा यांच्या बरोबर मधल्या जागेवर दोन पॅनेल आडवी टांगा, स्लॅबपासून चार इंच खाली. हुक आरसीसी स्लॅबमध्ये अँकर बोल्टने घ्या. पीओपीच्या छताला पाच किलो टांगून खाली मूल बसवू नका.

चौथं, रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. बहुतेक जण पॅनेल माइकच्या मागे, म्हणजे आपल्यासमोर लावतात. पण नेहमीचा कार्डिऑइड माइक पुढचं ऐकतो, पाठीमागचं कमी. त्याच्या पुढे आहे तुमचं तोंड, आणि तोंडामागे तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून शेवटची दोन पॅनेल पाठीमागे. ऑनलाइन क्लास घेत असाल तर झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा, नाहीतर सॉफ्टवेअर तानपुऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकतं आणि दोष खोलीवर येतो.

'टर्रर्र' घालवायला समोरासमोरच्या दोन्ही भिंती झाकायची गरज नसते. एका भिंतीवर पॅनेल असेल तिथे समोरची जागा उघडी, आणि उघडी असेल तिथे समोर पॅनेल. बुद्धिबळाच्या पटासारखं. तेवढ्या मालात दुप्पट जागा सुटते.

थांबायचं कधी

दहाच्या दहा एकदम टांगू नका. कोपरे करा, दोन दिवस गा. मग बाजूच्या भिंती, पुन्हा दोन दिवस. प्रत्येक वेळी फोनवर तीच ओळ रेकॉर्ड करून 'आधी'शी ताडून पाहा. गाताना आपला आवाज परत येत नाही म्हणून गळा जास्त जोर लावू लागला, की पॅनेल जास्त झाली. माझ्याकडे छताचं दुसरं पॅनेल लावल्यावर तसं झालं. ते काढून मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत गेलं, आणि हिशेबातल्या दहाची प्रत्यक्षात नऊ झाली.

आग आणि ओल

फोमबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड इथल्या एका नाइटक्लबात भिंतीवरच्या आवाजाच्या फोमने फटाक्याच्या ठिणगीतून पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात तशाच प्रकारे २४२. पॉलियुरेथेन फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. क्लास घेत असाल, खोलीत दहा मुलं बसत असतील, तर तो लावूच नका. रॉकवूल जळत नाही, पण त्यावरचा मांजरपाट जळतो. म्हणून स्विचबोर्डावर पॅनेल नको, आणि त्याच खोलीत देवघर असेल तर निरांजनापासून ते हातभर लांब.

ओल हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतीवर नाशकात पावसाचा मारा बसतो. जूनआधी त्या भिंतीवर हात फिरवून पाहा. पोपडे असतील तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग, तोवर पॅनेल दुसऱ्या भिंतीवर. मागची दोन इंच हवा इथेही कामाला येते, तिच्यामुळे बुरशी सहसा धरत नाही. मात्र त्या पोकळीत पाली राहायला येतात, त्याला माझ्याकडे उपाय नाही. दसऱ्याच्या आधीच्या साफसफाईत पॅनेल उतरवून दोन तास उन्हात ठेवतो, ब्रशच्या नळीने वरवर व्हॅक्यूम करतो. झटकायचं नाही, पाण्याने पुसायचं नाही. उतरवण्याआधी प्रत्येकाच्या पाठीवर खडूने जागा लिहून ठेवा. एका वर्षी कोपऱ्यातलं जाड आणि बाजूचं पातळ यांची माझ्याकडून अदलाबदल झाली, आणि दिवाळीभर सा पुन्हा चार फुटांवर फुगत होता.